डूम येतोय डिसेंबरात... आपण वाट हिरोची बघतोय की व्हिलनची?

रावपुरा_लास्टरो

नमस्कार मंडळी. उत्तरायण झालं, पतंग उतरले, गच्चीवरचा मांजा गोळा करून झाला, आता डिसेंबरपर्यंत काय करायचं हा प्रश्न आहे म्हणून धागा काढतोय. बडोद्यातले आपले मराठी सुपरहिरोवाले इथे बरेच आहेत हे माहितीये.

मार्व्हलचा अॅव्हेंजर्स डूम्सडे हा पिक्चर, ज्यात डॉक्टर डूम व्हिलन आहे, आधी १ मे २०२६ला येणार होता तो ढकलत ढकलत १८ डिसेंबरला गेला. मार्च २०२५मध्ये त्यांनी कलाकारांची नावं जाहीर केली तेव्हा आठवतंय ना, खुर्च्यांचं लाईव्ह, एक एक खुर्ची यायची, पाठीवर नाव, मग बराच वेळ काही नाही, मग पुढची. पाच तासांहून जास्त चाललं ते आणि मी आपला रात्री जेवण झाल्यापासून बसलेलो, आई दोनदा डोकावून गेली की अरे नुसत्या खुर्च्याच तर दिसतायत, काय बघतोयस. पॅट्रिक स्टुअर्ट, इयन मॅकेलन ही नावं आली तेव्हा मी खरंच ओरडलो, कारण एक्स-मेन बघत लहानाचा मोठा झालोय. आणि सगळ्यात शेवटी डूम करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर स्वतः येऊन बसला. म्हणजे बघा, इतके हिरो, आणि शेवटची मानाची जागा कुणाला, तर व्हिलनला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. सीक्वेलला आपण जातो ते व्हिलनसाठी. हिरो काय, तो आपल्याला माहितीच असतो, घरातला माणूस झालेला असतो. नवीन येतो तो समोरचा. तो दमदार निघाला तर पिक्चर दहा वर्षं लक्षात राहतो, नाहीतर पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत विसरला.

आणि डूमबद्दल मला धाकधूक आहे ती इथेच. डाउनी २००८ ते २०१९ टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन होता, आपण त्याच्यासाठी रडलोय. आता तोच चेहरा डूमचा. नट म्हणून माझी काही तक्रार नाही, पण डूम म्हणजे टोनीची उलटी बाजू नाहीये हो. कॉमिकमध्ये डूम १९६२ सालचा, फॅन्टॅस्टिक फोरच्या पाचव्या अंकातला, स्टॅन ली आणि जॅक कर्बीने काढलेला. त्याची स्वतःची एवढी मोठी गोष्ट आहे. आई गेलेली, तिचा आत्मा नरकात अडकलेला, तिच्यापर्यंत पोचायला हा पोरगा कॉलेजात मशीन बांधतो. फॅन्टॅस्टिक फोरमधला रीड रिचर्ड्स त्याची वही बघून सांगतो की बाबा तुझं गणित चुकलंय. हा ऐकत नाही. मशीन फुटतं, चेहरा जातो, आणि जन्मभर हा माणूस मानतो की चूक रीडची. स्वतःचं चुकलं एवढं एक वाक्य त्याला म्हणता येत नाही, त्यापायी तो लोखंडी मुखवटा घालतो आणि अख्ख्या लॅटव्हेरियाचा राजा होऊन बसतो. ही गोष्ट दाखवा ना. मुखवटा काढला आणि आत टोनी निघाला, पब्लिकने शिट्ट्या मारल्या, झालं, एवढ्यावर भागवलं तर मला फार वाईट वाटेल.

तुम्हाला काय वाटतं? आणि फक्त डूम नको, येणारे सगळेच व्हिलन येऊद्या.

---

सूरसागर_काठी

पहिला पैलवान मी!

डूमचं बोलायच्या आधी अॅव्हेंजर्सच्या जुन्या व्हिलनचं, थॅनोसचं बोलू, कारण वाट बघायला आपल्याला शिकवलं त्यानेच. २०१२च्या अॅव्हेंजर्सच्या शेवटी क्रेडिट्समध्ये तो फक्त मान वळवून हसला होता. एवढंच. मी तेव्हा नववीत, मला तो कोण हेही कळलं नव्हतं, घरी येऊन मोठ्या भावाला विचारलं. आणि मग तो पूर्ण ताकदीने आला २०१८ला. सहा वर्षं! मधे आमची शाळा संपली, कॉलेज लागलं, भाऊ कॅनडाला गेला, आणि हा बाबा अजून खुर्चीवर बसूनच.

इन्फिनिटी वॉरचा पहिल्या दिवशीचा शो मला अजून डोळ्यासमोर दिसतो. चुटकी वाजल्यावर आधी लोकांना कळलंच नाही, मागे कुणीतरी हसलं पण. मग एकेक जण राख होऊन उडायला लागला. स्पायडरमॅनच्या वेळी माझ्या शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा होता, त्याने पप्पांचा शर्ट धरला आणि म्हणाला, ‘आ पाछो आवशे ने?’ पप्पांनी काही उत्तर दिलं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं ना. लाईट लागले तरी कुणी उठेना, पॉपकॉर्नचे डबे तसेच मांडीवर. आणि पडद्यावर काय, थॅनोस एका झोपडीबाहेर बसून सूर्य उगवताना बघतोय. जिंकला तो. व्हिलन जिंकून पिक्चर संपला आणि पाटी आली की थॅनोस परत येईल. हिरोंचं नाव नाही!

नंतर कँगचं बघा. त्यालाही तसंच मोठं करायचं ठरलं होतं, २०२३च्या अँटमॅन क्वांटमेनियात आणला, पण तिथे मुंग्यांनीच त्याला लोळवला आणि दरारा तिथेच संपला. त्याच वर्षाच्या शेवटी त्या नटावर कोर्टात गुन्हा शाबित झाला, स्टुडिओने त्याला काढलं, पुढच्या पिक्चरच्या नावातूनही कँग गेला. मग जुलै २०२४ला सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये डाउनीने स्टेजवर डूमचा मुखवटा काढला. म्हणजे डूम आपल्याकडे आलाय तो दुसऱ्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. थॅनोसला सहा वर्षं शिजवला, डूमला काय मिळालं? फॅन्टॅस्टिक फोरच्या फर्स्ट स्टेप्सच्या क्रेडिट्समधला एक सीन, तोही चेहरा न दाखवता, रीडच्या छोट्या फ्रँकलिनसमोर बसलेला. हातात मुखवटा. सीन भारी होता, मी नाही म्हणत नाही. पण भूक लागायला वेळ द्यावा लागतो राव.

---

दांडियाबाजार_डार्कनाईट

लास्टरो दादा, तुमची ती डूमच्या आईची गोष्ट पटली, पण चेहऱ्यावरून आधीच नाराज होऊ नका. हीथ लेजरचं आठवा. त्याला द डार्क नाईटमध्ये जोकर म्हणून घेतला तेव्हा जगभरच्या फॅन लोकांनी आरडाओरडा केला होता की हा रोमँटिक पोरगा, हा काय जोकर करणार. त्याच्याही आधी १९८९च्या बॅटमॅनला मायकल कीटनला घेतला तर स्टुडिओकडे हजारो निषेधाची पत्रं गेली होती. आणि झालं काय? लेजर जानेवारी २००८मध्ये गेला, पिक्चर जुलैमध्ये आला, आणि पुढच्या वर्षी ऑस्कर त्याच्या घरच्यांनी स्टेजवर जाऊन घेतलं. पेन्सिलचा सीन आला की आजही माझा श्वास अडकतो आणि मी तो पिक्चर किती वेळा बघितलाय ते मोजणं सोडून दिलंय.

बाकी मी बॅटमॅनवाला, माझी वाट १ ऑक्टोबर २०२७ची. द बॅटमॅनचा दुसरा भाग. व्हिलन कोण यावर रोज नवीन थिअरी येते. काहीजण म्हणतात घुबडांचं कोर्ट, म्हणजे गॉथममधल्या जुन्या श्रीमंत घराण्यांची गुप्त टोळी, ते कॉमिक २०११चं आहे आणि अप्रतिम आहे. पण माझ्या मनात मिस्टर फ्रीझ आहे.

हसू नका. १९९७च्या बॅटमॅन अँड रॉबिनमध्ये श्वार्झनेगरला निळा रंग फासून बर्फावरचे विनोद करायला लावले, त्यामुळे फ्रीझ म्हटलं की लोक हसतात. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९९२ला, बॅटमॅनच्या कार्टूनमध्ये एक भाग आला होता, त्यात फ्रीझला पहिल्यांदा त्याची बायको दिली, नोरा. आजारी, औषध नाही, म्हणून त्याने तिला बर्फात गोठवून ठेवलंय, औषध सापडेपर्यंत. तो जे काही करतो ते तिच्यासाठी. कार्टूनच्या शेवटी तो कोठडीत बसून एका छोट्या काचेच्या गोळ्याकडे बघत असतो, आत नाचणारी बाहुली, वरून बर्फ पडतंय.

आमच्या बाबांनी आईचं आजारपण चार वर्षं काढलं. औषधांची वेळ चुकली तर ते कुणावरही, अगदी डॉक्टरवरही भडकायचे, आम्ही लहान होतो, आम्हाला वाटायचं बाबा किती दुष्ट झालेत. ते कार्टून मी नंतर बघितलं आणि मला बाबा कळले. म्हणून म्हणतो, फ्रीझ नीट करा, एकदा तरी नीट करा.

---

कमाटीबाग_ची_ताई

दांडियाबाजार, तुझं वाचून दोन मिनिटं काही टाइप करता आलं नाही रे.

मला पण असेच व्हिलन आवडतात, घरातले. आकाशातून जहाज घेऊन येणारे सगळे मला एकसारखे दिसतात. थॉर द डार्क वर्ल्डचा व्हिलन कोण होता हे न बघता सांगा बरं? मलेकिथ. मलाही आठवायला वेळ लागला.

आणि स्पायडरमॅन होमकमिंगचा व्हल्चर आठवा, २०१७चा, तोच मायकल कीटन. पीटर, म्हणजे आपला स्पायडरमॅन, डान्सला जायला लिझच्या घरी जातो, दार उघडतं आणि समोर व्हल्चर, लिझचा बाप! मग तो दोघांना गाडीतून सोडायला निघतो. पीटर मागे बसलाय, घामाघूम. लिझ आपली सहज बोलतेय की तू अमुकवेळी गायब होतास, तमुकवेळी पण गायब होतास, आणि बाप आरशातून मागे बघतोय. एकेक गोष्ट जुळतेय त्याच्या डोक्यात. सिग्नल लाल आहे. मग हिरवा होतो, तो हिरवा उजेड त्याच्या तोंडावर पडतो, आणि गाडी हलतच नाही. लिझ म्हणते बाबा, हिरवा झाला. एक गोळी नाही, एक स्फोट नाही, एक गाडी आणि एक सिग्नल. मी त्या वेळी माझ्या मैत्रिणीचा हात एवढा घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वण उठला.

स्पायडरमॅनचा पुढचा भाग, ब्रँड न्यू डे, ३१ जुलै २०२६ला आहे. मला त्यात असा एक सीन मिळाला तरी पुरे.

---

मांडवी_एक्सप्रेस

ताई +१. पण ब्रँड न्यू डेची मला जाम भीती वाटते, गर्दीची. पनिशर आहे, हल्क आहे, आणि व्हिलन किती निघतील देव जाणे. गर्दीने पिक्चर मरतो हे आपण तीनदा बघितलंय. २००७चा स्पायडरमॅन ३, सँडमॅन, व्हेनम आणि हॅरी, तिघांना अर्धा अर्धा तास आणि कुणालाच न्याय नाही. सँडमॅन पहिल्यांदा वाळूतून उभा राहायचा प्रयत्न करतो, हात कोसळतो, परत उभा राहतो, मुलीचं लॉकेट उचलायला जातो तर बोटांतून निसटतं, तो सीन एकटाच इतका सुंदर होता की त्याच्यावरच पिक्चर काढायला हवा होता, पण नाही, व्हेनम पण पाहिजे. २०१४ला अमेझिंग स्पायडरमॅन २मध्ये परत तेच. ९७चा बॅटमॅन दांडियाबाजारने सांगितलाच.

---

सूरसागर_काठी

मांडवी, मग स्पायडरमॅनचा नो वे होम? पाच व्हिलन होते की त्यात. ऑक, गॉब्लिन, इलेक्ट्रो, सँडमॅन, लिझर्ड. १६ डिसेंबर २०२१, आपल्याकडे अमेरिकेच्या एक दिवस आधी आला होता, सकाळचा शो, बाहेर थंडी आणि आत घसा बसलेला.

---

मांडवी_एक्सप्रेस

हा मुद्दा चांगला काढलास, मी पण त्यावर विचार केलाय. ते पाच चालले कारण त्यांची ओळख करून द्यायला एक मिनिट लागलं नाही. पुलावर नुसते ते लोखंडी हात दिसले आणि अख्खं थिएटर उभं राहिलं, कारण ऑकला आपण २००४पासून ओळखतो, नदीत बुडताना बघितलाय त्याला. सतरा वर्षांची उधारी होती ती, एका क्षणात वसूल झाली. नवीन व्हिलन पाच आणले असते तर कपाळाला हात लावला असता आपण. म्हणजे आकडा महत्त्वाचा नाही, आधी किती जीव लावलाय ते महत्त्वाचं.

---

जुनं_इंद्रजाल

मी इथे सगळ्यांत वयस्कर असेन, पासष्ट पूर्ण. मुलांच्या गप्पा वाचतोय, बोलू की नको करत होतो.

आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स यायचं, वेताळ आणि मँड्रेक, मराठीतसुद्धा. न्यायमंदिराजवळून भाड्याने आणायचो आणि रात्रीत वाचून सकाळी परत. वेताळ आवडायचाच, पण खरं सांगतो, मला चाचे जास्त आठवतात. आणि पोलो ग्राउंडवर दसऱ्याला रावण बघायला वडील खांद्यावर घेऊन जायचे. दुपारपासून माणसं जमायची ती कशासाठी, रावण बघायला. रामाला बघायला थोडीच, राम तर घरात देव्हाऱ्यात होताच. रावण एवढा उंच उभा असायचा, दहा तोंडं, की बाण लागेपर्यंत पोटात गोळा.

सिनेमात म्हणाल तर आमचे निळू फुले. बोलायच्या आधी नुसते डोळे बारीक करून बघायचे तर बायका बोटं मोडायच्या. तसला दरारा मला तुमच्या या सिनेमांत दिसत नाही, नातवाबरोबर दोन-तीन पाहिले, सगळे आकाशातून पडतात, इमारती पडतात, आवाज फार. राग मानू नका, पण ज्याचा राग यायला हवा त्याचं नावसुद्धा कळत नाही.

---

रावपुरा_लास्टरो

काका, राग कसला, तुम्ही लिहिलंत हेच भारी वाटलं. आणि पोलो ग्राउंडचं तर माझ्या मनातलं लिहिलंत. एक विनंती करतो. नातवाला घेऊन इन्फिनिटी वॉर बघा, घरी, शांतपणे. तुम्ही पाहिलेले बहुतेक मधलेच कुठले तरी असतील.

---

सेवउसळ_आणि_सीक्वेल

काका, आणि आपल्या देशातलाच पाहिजे असेल तर मिन्नल मुरली बघा, मल्याळम आहे, २०२१चा. एकाच रात्री वीज दोघांवर पडते, एक शिंपी, तो हिरो होतो, आणि दुसरा शिबू, चहाच्या टपरीवर राबणारा, गावाने वेडा ठरवलेला. शिबूचं आयुष्यात एकच मागणं असतं, उषा. वर्षानुवर्षं वाट बघतो बिचारा. ती जेव्हा त्याच्यासमोर येते तेव्हा तो रडत हसत जे बोलतो, गुरु सोमसुंदरमने असं काम केलंय की मला मल्याळमचा एक शब्द येत नाही तरी सबटायटल वाचायची गरज लागली नाही. शेवटी हिरोने जिंकावं की नाही हेच मला कळेना. क्रिश ४ची घोषणा झालीये, हृतिक स्वतः डायरेक्ट करणार म्हणे, तर त्यांनी व्हिलन लिहिताना एकदा शिबूकडे बघावं. क्रिश ३च्या कालकडे शक्ती खूप होती पण तो मला कधी माणूस वाटला नाही.

आणि एक जण तुम्ही सगळे विसरलात, स्पॉट! अॅक्रॉस द स्पायडरव्हर्स या अॅनिमेशन पिक्चरचा. सुरुवातीला माइल्स, त्यातला स्पायडरमॅन, त्याची टर उडवतो, एटीएमसुद्धा धड लुटता येत नाही त्याला. आणि तो अपमान पोटात ठेवून ठेवून तो असा होतो की शेवटी त्याचा आकारच बदलतो, काळ्या शाईने कागद खाल्ल्यासारखा. जून २०२३ला गोष्ट अर्धी सोडली आणि पुढचा भाग २०२७ला. चार वर्षं!

तो पिक्चर मराठीतही डब झाला होता, भारतात दहा भाषांत आला, मराठी आणि गुजराती दोन्ही. मी आजीला मराठीत दाखवायचं ठरवलं होतं, त्यातला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर आणि त्याचं शहर मुंबॅटन आजीला दाखवायचं फार मनात होतं. पण मला इथे सोयीच्या वेळेचा मराठी शो मिळाला नाही, काउंटरवरच्या माणसाने सांगितलं मराठी बघायला कोण येणार. बडोद्यात कोण येणार! दांडिया बाजारात उभं राहून विचारावं त्याने. शेवटी हिंदीत बघितला, आजी मला प्रत्येक सीनला विचारत होती आणि मी कानात मराठीत सांगत होते. पुढच्या भागाला आपण आधीच पंचवीस-तीस जण मिळून त्यांना सांगूया का? मी नावं लिहून घेते.

---

कमाटीबाग_ची_ताई

लिही माझी चार.

---

दांडियाबाजार_डार्कनाईट

माझी दोन. बाबा पण येतील.

---

सूरसागर_काठी

मी एक. भाऊ तोपर्यंत इथे आला तर दोन.

लास्टरो, डूमवर परत येतो. २०१५चं सीक्रेट वॉर्स कॉमिक वाचलंय ना? सगळी विश्वं मोडतात आणि डूम उरलेल्या तुकड्यांना शिवून एक जग बनवतो, स्वतः देव होतो. रीडचं कुटुंबसुद्धा आपलं करून घेतो. आणि एवढं सगळं मिळूनही त्याला माहिती असतं की रीडने हे जग याहून चांगलं बनवलं असतं. शेवटी ते तो बोलून दाखवतो. पुढचा अॅव्हेंजर्स त्याच नावाचा आहे, डिसेंबर २०२७. म्हणजे तू म्हणतोस ते चूक मान्य करण्याचं वाक्य कदाचित त्यासाठी राखून ठेवलं असेल. तसं असेल तर मला डाउनीच पाहिजे, कारण ते वाक्य पडेल नटाने बोलून चालणार नाही.

---

रावपुरा_लास्टरो

सूरसागर, हे तू बरोबर पकडलंस. या बाजूने मी विचारच केला नव्हता. टोनी मरताना स्वतःला विसरून चुटकी वाजवतो आणि डूमला स्वतःला विसरताच येत नाही, हे दोन्ही एकाच नटाने करायचं असेल तर मग बघायला मजा आहे. पण तरी आई दाखवायलाच हवी. त्याशिवाय तो नुसता गर्विष्ठ दिसेल.

---

जुनं_इंद्रजाल

काल रात्री नातवाबरोबर बसून पाहिला, इन्फिनिटी वॉर. मधे दोनदा थांबवून त्याने मला नावं समजावली.

आवाज फार आहे यावर मी ठाम आहे. पण तो थॅनोस मुलीला कड्यावर नेतो तिथे मी नातवाला म्हटलं, आता थांबव जरा. पाणी प्यायलो. त्याच्या डोळ्यांत पाणी आणि तरी हात सोडत नाही तिचा, ओढतच नेतो. असा बाप मी प्रत्यक्षात पाहिलाय, आमच्या वाड्यात, मुलीच्या लग्नाच्या वेळी. रडत होता आणि ऐकत नव्हता. शेवटी तो झोपडीबाहेर बसतो तर मला त्याचा राग येईना आणि राग येत नाही म्हणून माझाच मला राग आला. रात्री एकपर्यंत झोप नाही.

आता तुमच्या डूमबद्दल विचारतो. ती आईसाठी मशीन बांधण्याची गोष्ट, ती आधीच्या कुठल्या सिनेमात आहे का? असेल तर नातू लावून देईल.

---

रावपुरा_लास्टरो

नाही काका. २००५च्या फॅन्टॅस्टिक फोरमध्ये डूम होता, २००७च्या भागात होता, मग २०१५ला नवीन नटाने केला. तीन पिक्चर झाले, आई एकातही नाही.

---

जुनं_इंद्रजाल

मग डिसेंबरची दोन तिकिटं माझीही धरा, नातू आणि मी. कडेची खुर्ची बघा, गुडघा दुमडून फार वेळ बसता येत नाही.